टेबल भंडाऱ्यात, पांढरा बॉल गोंदियात

माझा हात जड आहे. हे मी आपणहून कधी कबूल केलं नसतं, पण नोकरीला लागून दोन महिनेही झाले नव्हते तोच आमच्या मोठ्या बाबूंनी ते सगळ्या शाखेसमोर जाहीर करून टाकलं. आलेल्या टपालावर शिक्का मारायचं काम माझ्याकडे होतं. मी शिक्का असा हाणायचो की शेजारच्याचा चहा बशीत सांडायचा आणि खालच्या कागदावरही गोल वळ उठायचा. त्या दिवशी मोठे बाबू चष्म्यावरून बघत म्हणाले, "शिक्का मारून राहिला का बदला घेऊन राहिला बे?" शाखा खो खो हसली. मी दिवसभर त्यांच्याशी बोललो नाही. माझा रागही हातासारखाच होता, लगेच यायचा आणि पडायचाही जोरात.

मोठे बाबू म्हणजे आमचे हेड क्लार्क. मूळचे सानगडीचे, घरचं धान, पण भंडाऱ्यात त्यांनी दोन खोल्यांचं स्वतःचं घर बांधलं होतं. अंगाने काटकुळे, बोलणं सावकाश, आणि निवृत्तीला तीन-चार वर्षं उरलेली. संध्याकाळी मी तोंड फुगवून सायकलचं कुलूप काढत होतो, तेव्हा ते मागून आले. म्हणाले, "चाल, तुले एक गंमत दाखवतो. राग घेऊनच ये, सोडून येऊ नको."

कार्यालयाच्या मागे कर्मचाऱ्यांचा क्लब होता. क्लब म्हणजे एक लांबट खोली, तिच्यात दोन कॅरम, एक टीव्ही, बॅडमिंटनची जाळी आणि मधोमध पूलचं टेबल. नागपुरात एक पूल पार्लर बंद पडलं, तेव्हा क्लबच्या लोकांनी वर्गणी काढून ते आणलं होतं. हिरवं कापड दोन ठिकाणी रफू केलेलं, पण कापडाखालची दगडी फरशी अस्सल आणि कडेचे रबरी कुशन चांगले होते. मी लाखांदूरकडच्या खेड्यातला. असलं टेबल मी फक्त सिनेमात पाहिलं होतं, आणि तिथे त्याच्याभोवती नेहमी गुंड असायचे. इथे त्याच्याभोवती लेखा शाखेचे दोन बाबू शेंगा खात उभे होते.

मला वाटलं, आता धाडधाड बॉल फोडायला मिळणार. मोठ्या बाबूंनी पंधराही रंगीत बॉल खोक्यात भरून टाकले आणि टेबलावर एकटा पांढरा ठेवला. मग टेबलाच्या लांब कडेवर जडवलेल्या खुणा त्यांनी मला एकेक करून दाखवल्या. आपण उभे आहोत ती अलीकडची कड म्हणजे भंडारा. पहिली खूण कारधा, दुसरी गडेगाव, तिसरी लाखनी. मधलं पॉकेट साकोली. पुढे सौंदड, कोहमारा, गोरेगाव, आणि पलीकडची कड गोंदिया. ही नावं त्यांनीच ठेवलेली होती आणि क्लबात सगळे तशीच बोलत. पूल खेळताना पांढऱ्या बॉलला काठीने मारायचं आणि त्याने दुसऱ्या बॉलला पॉकेटात धाडायचं, एवढं मला ठाऊक होतं. पण पांढरा नंतर कुठे थांबतो, यावर पुढचा सगळा खेळ असतो, हे मला पहिल्यांदा त्यांनी सांगितलं.

"याले लाखनीले उतरव," ते म्हणाले.

मी मारला. पांढरा गोंदियाला धडकला, उलटा भंडाऱ्याला आला, पुन्हा साकोलीपर्यंत गेला आणि तिथल्या पॉकेटात पडला.

"तुह्या गाडीले ब्रेकच नाही," मोठे बाबू म्हणाले. "पाशिंजर खिडकीतून उड्या मारून राहिले."

मी अजून चिडलो, अजून जोरात मारला. त्या संध्याकाळी एकही गाडी लाखनीला थांबली नाही. शेवटी त्यांनी माझ्या हातातली काठी घेतली आणि विचारलं, "वरच्या बांधीतून खालच्या बांधीत पाणी सोडतो तवा पुरा धुरा फोडतो का?" आमच्याकडे धानाच्या शेताच्या तुकड्याला बांधी म्हणतात आणि तिच्या पाळीला धुरा. मी म्हणालो, नाही, नुकता लावलेला रोवणा वाहून जाईल ना. "मंग कायले फोडून राहिला? जेवढं पाह्यजे तेवढंच तोंड पाडायचं." जोर खांद्यात नसतो, काठी किती मागे नेतो त्यात असतो, असं त्यांचं म्हणणं होतं. कारध्याला जायचं तर चार बोटं मागे, गोंदियाला जायचं तर वीतभर, आणि पुढे येताना झटका द्यायचा नाही. त्यांनी मारला तेव्हा आवाजही आला नाही. पांढरा निघाला, गडेगाव मागे टाकलं आणि लाखनीच्या खुणेसमोर येऊन असा थांबला की मला वाटलं, तिथे खड्डा असेल. मी जाऊन हात फिरवून पाहिला, खड्डा नव्हता.

त्या दिवसापासून रोज ऑफिस सुटलं की एक तास मी त्या टेबलाशी असायचो. पहिले काही महिने नुसता पांढरा, दुसरं काही नाही. मग त्यांनी एक रंगीत बॉल पॉकेटाच्या तोंडाशी ठेवायला सुरुवात केली आणि टेबलावर जुन्या परिपत्रकाचा फुलस्केप कागद पसरला. रंगीत पॉकेटात गेला पाहिजे आणि पांढरा कागदावर थांबला पाहिजे. समोरच्या बॉलला सरळ लागला तर पांढरा आपला जवळजवळ सगळा जोर त्याला देऊन टाकतो, कडेने लागला तर स्वतःकडेच ठेवतो आणि पळत सुटतो. हा हिशेब डोक्याला कळून उपयोग नव्हता, तो हाताला कळावा लागतो, आणि माझा हात मंदबुद्धी. फुलस्केप साधला की मोठे बाबू तो अर्धा दुमडायचे, अर्धा साधला की पाव. सगळ्यात शेवटी पोस्टकार्ड.

माझं लग्न त्याच सुमारास झालं. बायको अड्याळची, बोलायला फटकळ. मी उशिरा येतो म्हणून ती रागावेल असं वाटलं होतं, पण एकदा तिला कारधा-लाखनीचा सगळा प्रकार सांगितल्यावर तिलाच त्यात मजा वाटायला लागली. सायकल लावली की आतून विचारायची, "काहो, आज गाडी कुठवर गेली?" मी म्हणायचो, सौंदड. "म्हंजे जेवाले वेळ आहे," म्हणून ती पुन्हा कामाला लागायची. मला सांगायला हरकत नाही की मी त्या दिवसांत फार सुखी होतो. पगार बेताचा होता, खोली भाड्याची होती, आणि दिवसातला एक तास असा होता की त्यात मला कुणाचा राग येत नव्हता. पावसाळ्यात कापड ओल धरायचं आणि सगळ्या गाड्या एक थांबा अलीकडे उतरायच्या, हिवाळ्यात कापड सुकलं की पुढे जायच्या. मला हे कळायला लागलं तेव्हा बापाला हवेवरून पाऊस कळायचा त्याची आठवण झाली.

मग जिल्हा फुटला. गोंदिया वेगळा झाला आणि टेबलावरच्या साकोलीच्या पॉकेटापलीकडे सगळा परका मुलूख झाला. ऑफिसातले निम्मे लोक तिकडे गेले, कुणी बदली मागून, कुणी कुरकुरत. मोठ्या बाबूंचं नाव गोंदियाच्या यादीत निघालं. त्यांचं एक वर्षही उरलं नव्हतं. घर इथे, बायकोचं दुखणं इथल्या डॉक्टरकडे, म्हणून ते एकटेच खोली करून राहिले आणि शनिवारी एसटीने घरी यायचे. निघताना मला म्हणाले, "टेबलावर हात ठेवत जा. सुटला तं पुन्हा येत नाही."

सरकारी सामानाची वाटणी झाली, तशी क्लबातल्या लोकांनाही हुक्की आली की आपल्याही सामानाची वाटणी झालीच पाहिजे. वर्गणी सगळ्यांची होती. यादी करायचं काम माझ्याकडे आलं. मी नियमाने काम करणारा माणूस. एकेक वस्तू मोजली आणि सुवाच्य अक्षरात उतरवली: कॅरम बोर्ड, नग दोन. टीव्ही, नग एक. पूलचे बॉल, नग सोळा. यादी क्लबाच्या सचिवांच्या हवाली केली आणि मी रोवणीसाठी गावाला गेलो. चिखलात उभा राहून मी त्या आठवड्यात धान लावत होतो, तेव्हा इकडे दोन्ही बाजूंचे लोक क्लबात बसले. त्यांच्यात एकही पूल खेळणारा नव्हता. त्यांनी यादीप्रमाणे काम केलं. एक कॅरम इकडे, एक तिकडे. टीव्ही तिकडे, जाळी इकडे. टेबल कापून देता येत नव्हतं, म्हणून ते तात्पुरतं इथेच ठेवायचं. आणि बॉल नग सोळा, म्हणून आठ इकडे आणि आठ तिकडे. गोंदियाच्या माणसाने वरच्यावर हाताला लागले ते आठ पिशवीत भरले, दोघांनी सह्या केल्या आणि चहा प्यायले.

मी परत आलो तर माझ्या टेबलावरचा फोन वाजला. पलीकडे मोठे बाबू.

"बाबू, पांढरा इकडे आला ना बे."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांना फोन धरायला सांगून क्लबात धावलो, खोकं उघडून पाहिलं. सात रंगीत आणि एक काळा. आणि यादीवर अक्षर माझं होतं. सोळात एक पांढरा वेगळा असतो, हे सगळ्या भंडारा जिल्ह्यात ज्याला सर्वांत जास्त ठाऊक होतं, त्यानेच "नग सोळा" लिहिलं होतं.

परत येऊन मी म्हणालो, "मग पाठवून द्या ना शनिवारी येताना."

"कसा पाठवू? सही झाली. इथले म्हणून राहिले का तो आता गोंदियाचा आहे. पाह्यजे असंल तं टेबल द्या म्हणतात."

आमचे सचिवही काही कमी नव्हते. ते म्हणाले, बॉल नको आणि टेबल मिळणार नाही. मग पत्रं सुरू झाली, संदर्भ क्रमांकासकट. त्यांच्याकडे टेबल नाही आणि आमच्याकडे पांढरा नाही, असं दोन महिने चाललं. शेवटी कुणीतरी तोडगा काढला की धान निघाल्यावर भंडाऱ्यात एक सामना घ्यायचा. दोन्हीकडून एकेक माणूस, तीन डाव. जो जिंकेल त्याच्या क्लबाला टेबल आणि सोळाही बॉल. गोंदियाकडून कोण खेळणार हे विचारायची गरजच नव्हती. आणि आमच्याकडे खेळणारे होते तीन, त्यांतल्या दोघांनी मोठ्या बाबूंचं नाव ऐकताच पाठदुखी काढली.

त्या रात्री बायकोला म्हणालो, टेबल गेलं. ती म्हणाली, "अजून खेळले नाही तं गेलं कसं?" पण मला टेबल जायच्या विचारानेच कसंतरी होत होतं. माझ्या आयुष्यात माझ्या हाताला नीट जमलेली ती एकच गोष्ट होती. ती गेली तर मी पुन्हा शिक्के हाणणारा माणूस होणार होतो.

सराव तर करायला हवा, आणि पांढरा नाही. आम्ही कारकून होतो, तेव्हा आम्हाला उपायही कारकुनी सुचला. खोक्यातला पिवळा बॉल घेतला आणि त्याला ऑफिसातला व्हाइटनर फासला. टायपिंगची चूक खोडायचा तोच. दुपारच्या सुट्टीत दोन हात द्यायचे, खिडकीत वाळवायचा, संध्याकाळी खेळायचा. खेळता खेळता त्याचे पोपडे उडायचे, कापडावर पांढरी भुकटी पडायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन हात. साहेबांनी एकदा विचारलं की शाखेत एवढ्या चुका कोण करतं. मी मान खाली घातली. तीन महिने मी त्या बॉलवर घाम गाळला. फुलस्केप, अर्धा, पाव, शेवटी पोस्टकार्डावर दहात सहा वेळा. मनात म्हणालो, येऊ द्या गोंदियाला.

सामना रविवारी दुपारी होता. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. गोंदियाहून दहा-बारा जण आले होते, टेबल न्यायला टेम्पो कुठे मिळतो याची चौकशी त्यांनी चौकात आधीच केली होती, आणि ते ऐकूनच माझं डोकं तापलं. मोठे बाबू पिशवी घेऊन आत आले. थोडे वाळले होते. एकेक बॉल काढून त्यांनी कापडावर ठेवला. मग आमच्या खोक्यातला पिवळा हातात घेतला, नखाने खरवडला, वास घेतला.

"हे काय करून ठेवलं बे?"

मी सांगितलं. ते खुर्चीवर बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. व्हाइटनर पातळ करायचा बाटलीतला द्रव मागवून आम्ही दोघांनी मिळून तो बॉल पुसला, तेव्हा कुठे आतून पिवळा रंग आणि एकचा आकडा निघाला.

पहिल्या फटक्यालाच मला कळलं की माझं काय झालंय. व्हाइटनरने खरबरीत झालेला बॉल जड चालायचा. खरा पांढरा गुळगुळीत, आणि त्यात हिवाळ्याचं सुकं कापड. लाखनीला उतरायचा तो सौंदडला गेला. दुसरा कोहमाऱ्याला. तीन महिन्यांचा सगळा सराव खोट्या बॉलचा होता. मोठ्या बाबूंचाही हात अडखळत होता, टेबलाचं भांडण म्हणून शनिवारी घरी आले तरी सहा महिने ते क्लबात फिरकले नव्हते, पण त्यांनी पहिला डाव घेतला. गोंदियाच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. जुना मी असतो तर दुसरा डाव तिथेच रागात फोडून टाकला असता. मी बाहेर जाऊन नळावर तोंड धुतलं. आत आलो आणि ठरवलं की साकोलीला न्यायचा असेल तर हाताला लाखनी सांगायची. प्रत्येक वेळी एक थांबा कमी. हाताला ते पटायला वेळ लागला, पण पटलं. दुसरा डाव मी जिंकला.

या खेळात ज्याने त्याने आपापले सात बॉल आधी घालायचे आणि शेवटी काळा, काळा घालेल तो जिंकला. तिसऱ्या डावात शेवटी असं झालं. मोठ्या बाबूंचे सगळे बॉल संपले होते, फक्त काळा उरला होता. तो घातला की टेबल गोंदियाचं. माझा एक बॉल उरला होता आणि त्यानंतर काळा. पाळी त्यांची. काळा मधल्या पॉकेटासमोर वीतभर अंतरावर, सरळ रेषेत. असा बॉल ते बोलता बोलता घालायचे. आमच्या सचिवांनी तर मान फिरवून खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. मोठ्या बाबूंनी खडू लावला, वाकले, हलक्या हाताने मारला. काळा सरळ पॉकेटाकडे निघाला, हळू झाला, अजून हळू झाला, आणि पॉकेटाच्या दोन बोटं अलीकडे थांबला.

मोठे बाबू सरळ झाले, स्वतःच्या हाताकडे पाहिलं आणि गोंदियाच्या लोकांना म्हणाले, "हात गेला बाप्पा. सहा महिने टेबल नाही पाह्यला." त्यांचा चेहरा पाहून मलाच वाईट वाटलं.

मला आधी माझा उरलेला बॉल घालायचा होता आणि पांढरा काळ्याच्या मागे आणून ठेवायचा होता. बॉल गेला, पांढरा एका कुशनला लागून परत आला आणि पोस्टकार्डाएवढ्या जागेत थांबला. आता काळा. दोन बोटांवर पॉकेट. लहान मूलही घालील, पण पांढरा त्याच्यामागे सरळ रेषेत होता. जरा जोर झाला की पांढराही मागोमाग पॉकेटात जाणार, आणि काळ्यासोबत पांढरा गेला की डाव हरलो. मी काठी चार बोटं मागे नेली. मग तीनच नेली. काळा गेला. पांढरा त्याच्यामागे थोडा सरकला, पॉकेटाच्या ओठावर आला आणि थांबला.

मी ओरडलो, असं बायको म्हणते. तिला खिडकीबाहेर, बायकांच्या घोळक्यात उभं राहून ऐकू आलं. मला फक्त एवढं आठवतं की मोठ्या बाबूंनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि ते गोंदियाच्या लोकांसोबत चहाला गेले. गोंदियाची मंडळी दोन दिवस नाराज राहिली, मग त्यांनी वर्गणी काढून वर्षाच्या आत स्वतःचं टेबल घेतलं, आमच्याहून नवं आणि रफू नसलेलं. मी मात्र कितीतरी दिवस हवेत होतो. माझ्या गुरूला मी हरवलं होतं. गावी गेलो तेव्हा बापाला हात करून करून सगळं सांगितलं. त्याला काही कळलं नाही, तरी तो शेवटपर्यंत ऐकत बसला.

उन्हाळ्यात मोठे बाबू निवृत्त झाले आणि भंडाऱ्यात परत आले. पहिल्या सोमवारी पाच वाजता क्लबात हजर. आम्ही खेळलो, ते जिंकले. दुसऱ्या दिवशी खेळलो, ते जिंकले. आठवडाभर मी एकही डाव जिंकलो नाही. मी स्वतःशी म्हणालो की त्यांचा हात परत आला. शनिवारी खोलीत आम्ही दोघेच होतो. मला चेष्टा सुचली. काळा बॉल मधल्या पॉकेटासमोर वीतभर अंतरावर ठेवला, पांढरा त्या दिवशी होता तिथे ठेवला आणि म्हणालो, "मोठे बाबू, हाच तो. आता तरी घालून दाखवा."

त्यांनी घातला. मी पुन्हा ठेवला, त्यांनी पुन्हा घातला.

"अजून एकदा," ते म्हणाले.

मी ठेवला. त्यांनी मारला. काळा निघाला, हळू झाला आणि पॉकेटाच्या अलीकडे थांबला. ते गेले, पॉकेट आणि बॉल यांच्यामध्ये आपली दोन बोटं धरली. बरोबर मावली. मग बॉल स्वतःच जागेवर ठेवला आणि परत मारला. परत दोन बोटं.

माझ्या डोक्यात जाळ झाला. मी काठी टेबलावर आपटली, फार दिवसांनी. "म्हणजे तुम्ही मुद्दाम हरले? मी साऱ्या गावाला सांगत फिरलो! बापाला सांगितलं मी!"

"वरडू नको. बस."

"कायले बसू? अन् गोंदियाच्या लोकांना फसवलं ते?"

"फसवलं," ते म्हणाले. "ते माह्या मनाले लागते. म्हणूनच तं त्याइच्या टेबलासाठी पयली वर्गणी मी देली. पण माहं घर इथं आहे बापू, अन् टेबल तिकडं गेला असता तं मी म्हातारपणी काय केलं असतं? दारात बसून एसट्या मोजल्या असत्या."

मी बसलो नाही. मला माझी जीत परत पाहिजे होती, आणि ती कधी माझी नव्हतीच. "तुम्ही मला सांगितलं असतं तरी चाललं असतं," मी म्हणालो. "उगाच वाटलं मला की मी काही केलं."

मोठे बाबू चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत राहिले. मग म्हणाले, "मी हरलो, तेवढं माहं काम होतं. जिंकाचं काम माह्या हातात कुठं होतं? तुहा एक बॉल राह्यला होता, मंग काळा, अन् पांढरा बरोबर मागं. तू पयल्यासारखा हाणला असता तं टेबल त्याच दिवशी टेम्पोत चढला असता. साऱ्या आयुष्यात मले जे एक पाह्यजे होतं, ते मी तुह्या हातावर ठेवून खुर्चीत जाऊन बसलो. तुहा हात जड आहे हे माहीत असून."

मी खोक्यातून बॉल काढून लावायला घेतले, आणि ते नीट लागेनात, कारण मला काही दिसत नव्हतं.